घोडके मॅडमचा क

घोडके मॅडमना एक वाईट खोड होती. "मला कळलं न्हाई," असं त्या चारचौघांत म्हणायच्या.

आमच्या पेशात हे वाक्य निषिद्ध आहे. विद्यार्थ्याने म्हटलं तर चालतं, कारण तो त्याचसाठी येतो. शिक्षकाने मात्र "हा मुद्दा आपण पुढच्या तासाला घेऊ" असं म्हणायचं असतं आणि पुढच्या तासाला विसरायचं असतं. मी एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं आणि ही शिस्त एकदाही मोडली नाही. घोडके मॅडम ती आठवड्यातून दोनदा मोडायच्या. स्टाफरूममध्ये मोडायच्या, वर्गात मोडायच्या, आणि एकदा तर हारतुरे घातलेल्या पाहुण्यांसमोर भर मांडवात मोडली.

मला आयुष्यात फार लोकांचा हेवा वाटलेला नाही. माझ्याबरोबरचे दोघे प्राचार्य झाले, एक जण आमदाराचा व्याही झाला, एकाने धाराशिवला दुमजली घर बांधून त्याला 'ज्ञानकुंज' नाव दिलं आणि आत एक पुस्तक ठेवलं नाही. यांच्यापैकी कोणामुळे माझी झोप गेली नाही. हेवा वाटला तो रसायनशास्त्र शिकवणाऱ्या, तासिका तत्त्वावरच्या, साडेचार फुटांच्या एका बाईंचा. तासिका तत्त्व म्हणजे दर जूनमध्ये प्रतिष्ठापना आणि दर एप्रिलमध्ये विसर्जन. मॅडमची अशी अकरा वर्षं झाली होती.

आमचं कॉलेज परंडा तालुक्यात, कुर्डुवाडीच्या रस्त्याला लागून. तिन्ही बाजूंनी ज्वारी आणि चौथ्या बाजूला संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाचा फलक, जो वर्षभर काढला जात नसे. मॅडम अणदूरच्या. स्टाफरूममध्ये त्यावर एक विनोद ठरलेला होता: "अणदूरच्या बाई आल्या, आता अणू काही दूर नाही." हा विनोद मराठीच्या सरांनी केला होता आणि ते तो दर जूनमध्ये नव्याने करायचे. मॅडम दर जूनमध्ये हसायच्या. मला वाटतं, त्यांना तो खरंच आवडत असे.

उंची कमी असल्यामुळे त्यांचा हात फळ्याच्या वरच्या अर्ध्यापर्यंत पोचत नसे. माझा तास त्यांच्या आधी असायचा. मी सहा फुटांचा, शिवाय वरून लिहीत येणारा. त्या आल्या की जेवढं हाताला लागेल तेवढं पुसायच्या आणि खालच्या अर्ध्यात लिहायच्या. त्यामुळे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात वर्षानुवर्षं एकच देखावा असे: वर माझं समीकरण, खाली त्याचा अर्थ. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते त्याच मराठीच्या सरांनी लक्षात आणून दिलं. "तुमचं बरं आहे सर," ते म्हणाले, "तुम्ही मथळा देता, बातमी त्या सांगतात." हा त्यांचा एकमेव चांगला विनोद होता आणि तो त्यांनी पुन्हा कधी केला नाही.

मॅडम डबा खाताना वाचायच्या. एका कोपराने पुस्तकाचं पान दाबून धरायचं, दुसऱ्या हाताने भाकरी मोडायची. ग्रंथालयातल्या जाड्या रसायनशास्त्राच्या पुस्तकावर शेंगांच्या चटणीचे तांबूस डाग असत, आणि ग्रंथपाल त्या डागांवरून मॅडम कुठवर आल्या आहेत ते सांगत असे. हायड्रोजनच्या अणूच्या प्रकरणात डाग सर्वांत दाट होते. तिथे त्या दोन वर्षं थांबल्या होत्या.

त्या प्रकरणावरूनच आमचं जुनं भांडण होतं. अणू कोणाचा? पदार्थविज्ञानाच्या अभ्यासक्रमात तो आहे आणि रसायनशास्त्राच्याही. मी प्राचार्यांना लेखी कळवलं होतं की अणूची रचना हा मूलतः आमचा विषय असून रसायनशास्त्राने तो गृहीत धरून पुढे जावं. प्राचार्यांनी शेरा मारला: 'दोघांनीही शिकवावा. अणू भरपूर आहेत.' त्यामुळे तोच अणू मुलांना सकाळी माझ्याकडून एकदा आणि नंतर मॅडमकडून एकदा मिळे. परीक्षेत मुलं जे लिहीत ते कोणाचं, हे उत्तरपत्रिका तपासताना मला ओळखू येई. ज्या उत्तरात सूत्र बरोबर आणि पुढचं वाक्य चुकीचं ते माझं. ज्यात सूत्र थोडं चुकलेलं पण पुढचं वाक्य बरोबर ते त्यांचं.

एकदा मी त्यांचा तास बाहेरून ऐकला. व्हरांड्यात सूचनाफलकासमोर उभा राहिलो. फलकावर एकच सूचना होती, वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीविषयी. ती मी चाळीस मिनिटं वाचली.

आत विषय होता कोनीय संवेग. फिरणाऱ्या वस्तूत फिरण्याचा जो ऐवज साठलेला असतो तो कोनीय संवेग. वस्तू किती जड, किती वेगात, आणि मध्यापासून किती लांब, या तिन्हींवर तो ठरतो. हे वाक्य मी आता जितक्या सोपेपणाने लिहिलं तितक्या सोपेपणाने नोकरीत असताना मला कधी सांगता आलं नाही, आणि हे मी कुठून उचललं ते वाचकांना कळलंच असेल.

मॅडम पी कक्षकाचं चित्र काढत होत्या. कक्षक म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन जिथे सापडण्याची शक्यता असते तो प्रदेश, एखाद्या ढगासारखा. पी कक्षकाचे दोन फुगे असतात, मधोमध रिकामं. एका मुलाने विचारलं, "मॅडम, म्हणजे आपल्या खंडोबागत का? देव एक, देवळं दोन. काही महिने अणदूरला, काही महिने नळदुर्गला."

वर्ग हसला. मी बाहेर खूश झालो, कारण उत्तर देणं अवघड होतं.

"बरूबर बोलला," मॅडम म्हणाल्या. "पण खंडोबा अणदूरहून नळदुर्गला जातो तवा वाटंत दिसतो का न्हाई?"

"दिसतो की. वाजतगाजत नेत्यात."

"ह्यो वाटंत दिसत न्हाई. कवाच न्हाई. आणि आज हिथं, उद्या तिथं असंबी न्हाई. एकाच टायमाला दोन्हीकडचा हाय. झालं. बैल परत."

'बैल परत' हा त्यांचा परवलीचा शब्द. त्यांचं म्हणणं असं की उपमा म्हणजे उसना बैल. नांगरट झाली की ज्याचा त्याला सोडून यायचं. आपल्या दावणीला बांधून ठेवला की भांडणं. त्या उपमा देण्यात जितक्या उदार, तितक्याच काढून घेण्यात कडक होत्या. वर्गातली पोरंही मग आपसांत म्हणायला लागली. कोणी लांबण लावली की मागून आवाज यायचा, "बैल परत!" एकदा हा आवाज अध्यक्षांच्या भाषणात आला. भाषण 'शिक्षण म्हणजे वटवृक्ष' या विषयावर होतं आणि वृक्षाला पारंब्या फुटून बराच वेळ झाला होता. चौकशी समिती नेमली. काही निष्पन्न झालं नाही.

चौकशी मॅडमचीही एकदा झाली होती, गोफणीपायी. कोनीय संवेग हाताला कळावा म्हणून त्यांनी पोरांना मैदानावर नेऊन गोफण फिरवायला लावली. दोरी आखूड करत आणली की दगड जास्त जोरात फिरतो, हे मी फळ्यावर तीन ओळींत सिद्ध करायचो. त्यांनी ते तीन मिनिटांत दाखवलं आणि चौथ्या मिनिटाला एका उत्साही पोराच्या हातून दोरी सुटली. दगड प्राचार्यांच्या खिडकीतून आत जाऊन 'उत्कृष्ट महाविद्यालय' या स्मृतिचिन्हावर आदळला. प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला. मॅडमनी तो दोन ओळींत दिला: 'दगड दोरी सुटल्यावर सरळ रेषेत गेला. तो तसाच जातो.' खुलासा फायलीत आहे. मी तो नंतर दोनदा काढून वाचला. माझ्या प्रबंधात इतकं स्वच्छ वाक्य एकही नाही.

मांडवातली गोष्ट त्यानंतरची. संस्थेने 'अणू ते ब्रह्मांड' अशी कार्यशाळा घेतली. मंचामागच्या कापडावर ब्रह्मांडाच्या बाजूला अध्यक्षांचा फोटो होता आणि अणूच्या बाजूला प्राचार्यांचा. संयोजक मी. पाहुणे पुण्याकडचे, मोठे. पडद्यावर त्यांनी हायड्रोजनचा अणू दाखवला: मध्ये लाल केंद्रक, भोवती निळा इलेक्ट्रॉन गरगर फिरतोय, खाली लिहिलेलं '१एस', म्हणजे सर्वांत आतला, पहिला कक्षक. टाळ्या झाल्या. प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा तिसऱ्या रांगेतून मॅडम उठल्या.

"सर, मला कळलं न्हाई. १एस मधल्या इलेक्ट्रॉनचा कोनीय संवेग शून्य असतो. म्हणजे फिरण्याचा ऐवजच न्हाई. मग ह्या चित्रात फिरतंय ते कोण?"

पाहुण्यांनी पडद्याकडे वळून पाहिलं, जणू काही तिथे कोणी दुसरंच फिरत असेल. संयोजक म्हणून मी उभा राहिलो. "मॅडम, समीकरणात एल, म्हणजे संवेगाचा अंक, शून्य घाला, उत्तर शून्य येतं. सोपं आहे."

"ते मलाबी येतं सर," त्या म्हणाल्या. "उत्तर येतंय. कळत न्हाई. फिरत नसंल तर पडत का न्हाई आत?"

पाहुणे म्हणाले, "फार सुंदर प्रश्न. चहानंतर सविस्तर बोलू." चहानंतर त्यांना गाडी गाठायची होती.

त्या दिवशी मी मॅडमवर रागावलो, असं सगळ्यांना वाटलं. रागावलो नव्हतो. बावीस वर्षं मी ते शून्य फळ्यावर लिहीत होतो आणि तो प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. दुसऱ्याला उत्तर सुचलं तर माणूस सहन करू शकतो. दुसऱ्याला प्रश्न सुचला, तोही आपल्या शेतात, हे सहन होत नाही.

वर्ष गेलं असेल. एका दुपारी स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. मॅडमनी भाकरी खाली ठेवली आणि पुस्तक मिटलं.

"सर, कळलं."

काय, ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

"मी 'फिरत न्हाई' हे 'हलत न्हाई' असं ऐकत होते. तितंच चुकत होतं. तो हलतोय, लई हलतोय. पण फिरायला आस लागतो. आस धरायचा म्हंजे एक बाजू निवडायची. ह्याला सगळ्या बाजू सारख्या. कुठला आस धरावा त्यानं? ज्याला कुठलीच बाजू जवळची न्हाई, त्याचा संवेग शून्य."

"आणि पडत का नाही?" माझ्या तोंडून गेलं.

"वासरू जेवढ्या अरुंद खोपटात कोंडाल तेवढं ते जास्त उड्या मारतं. ह्याला केंद्रकाजवळ कोंडायला गेलं की धिंगाणा वाढतो. त्या धिंगाण्यापायी तो पसरून ऱ्हातो. वासरू परत."

मी म्हणालो, "हे सगळं समीकरणात आहेच."

"व्हय, हाय की," त्या आनंदाने म्हणाल्या. "मला दिसत नव्हतं." आणि चटणीचा डबा माझ्याकडे सरकवला. मी घेतली नाही.

पुढे विज्ञान मराठीतून शिकवायचं वारं सुटलं आणि आमच्या संस्थेने पहिल्या वर्षासाठी मराठी पाठ्यपुस्तक काढायचं ठरवलं. अणूचं प्रकरण माझ्याकडे आलं. माझं नाव छापून येण्याची ही पहिली वेळ नव्हती, पण मागच्या वेळी ते मतदार यादीत आलं होतं. मी झपाटून लिहिलं. प्राचार्य म्हणाले, "घोडके मॅडमना एकदा दाखवा." प्राचार्यांना मी दाखवलं होतं तेव्हा त्यांनी पानं मोजली होती, वाचलं नव्हतं, म्हणून 'तुम्ही पाहिलंय ना' असं म्हणता आलं नाही.

मॅडमनी दोन दिवसांत प्रकरण परत आणलं. जागोजागी पेन्सिलीने एक अक्षर वरून घातलेलं होतं: क.

"सर, एक क राहिलाय."

"टायपिंगची चूक असेल."

"सतरा ठिकाणी राहिलाय."

त्यांनी समजावलं, आणि वाचकांनाही ते समजलं पाहिजे, कारण पुढचं सगळं या एका अक्षरावर आहे. कक्षा म्हणजे ठरलेली वाट, ग्रहाची असते तशी. अणूचं जुनं चित्र कक्षांचं होतं, आणि त्यात पहिल्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनचा कोनीय संवेग, अणूच्या जगातल्या मापाने, एक येतो. कक्षक म्हणजे तो ढग. नव्या चित्रात वाटच नाही, नुसता ढग आहे, आणि पहिल्या ढगाचं, म्हणजे १एस कक्षकाचं, उत्तर शून्य. इंग्रजीतही हे दोन शब्द सख्ख्या भावांसारखे आहेत, पण मराठीत तर त्यांच्यात एका क चाच फरक. मी सगळीकडे '१एस कक्षा' असं लिहिलं होतं. नाव नव्याचं, शब्द जुन्याचा, आणि त्या शब्दाच्या ओघात उत्तरही जुन्याचंच दिलं होतं, एक; इतकी वर्षं फळ्यावर शून्य लिहूनही.

"मराठीत क घातला की उत्तर बदलतं सर," मॅडम म्हणाल्या. "गंमतच हाय न्हाई?"

मी "बघतो" म्हणालो आणि ती प्रत कपाटात ठेवली. त्या बरोबर होत्या, हे मला त्यांचं वाक्य संपायच्या आधी कळलं होतं. म्हणूनच ठेवली.

त्याच महिन्यात रसायनशास्त्राच्या कायम जागेची मुलाखत लागली. अकरा वर्षांत पहिल्यांदा जागा निघाली होती आणि मॅडमच्या वयाच्या हिशोबाने शेवटची. शिपायापासून ग्रंथपालापर्यंत सगळ्यांनी ती त्यांना देऊन टाकली होती. निवड समितीत अध्यक्ष, प्राचार्य, बाहेरून आलेले एक विषयतज्ज्ञ आणि विज्ञान शाखेचा प्रमुख म्हणून मी. तज्ज्ञ सकाळीच आले. विश्रामगृहात त्यांना करमावं म्हणून मी माझ्या प्रकरणाची एक प्रत दिली. पेन्सिल नसलेली. प्रस्तावना त्यांची मिळावी असं माझ्या मनात होतं.

त्यांनी प्रकरण वाचलं, हे मला मुलाखतीत कळलं. तयारीशिवाय आलेल्या माणसाला प्रश्न कुठून तरी काढावे लागतात.

"मॅडम," तज्ज्ञांनी विचारलं, "१एस कक्षेतल्या इलेक्ट्रॉनचा कोनीय संवेग किती?"

"सर, कक्षा म्हणायचंय का कक्षक?"

"१एस कक्षा."

"१एस हा कक्षक असतो, सर. त्याचा शून्य."

तज्ज्ञांनी समोरचा कागद पाहिला. "इथे तर एक दिलंय."

"जुन्या पहिल्या कक्षेचा एक. १एस कक्षकाचा शून्य. दोन येगळ्या गोष्टी हायत."

अध्यक्षांना चर्चा आवडत नसे. "काय भानगड आहे? एक का शून्य?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, तुमचा विषय. बोला."

मॅडमनीही माझ्याकडे पाहिलं. विनवणी वगैरे काही नव्हतं त्या नजरेत. निश्चिंत होत्या. मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं.

"मराठीत दोन्ही चालतं," मी म्हणालो.

"चालतं ना? मग बाई कशाला घोळ घालतायत?" अध्यक्ष म्हणाले, आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

जागा दुसऱ्याला मिळाली. अध्यक्षांच्या मनात ते नाव आधीपासून होतं, असं नंतर सगळे म्हणाले. मीही म्हणालो, आणि म्हणताना मला बरं वाटायचं. पण निवड समितीच्या कागदावर मॅडमच्या नावापुढे 'विषयज्ञान संदिग्ध' असा शेरा आहे, आणि त्याखाली चार सह्या आहेत. तिसरी, वळणदार सही माझी आहे.

त्या दिवशी मुलाखती संपल्यावर मॅडम व्हरांड्यात थांबल्या होत्या. मला वाटलं भांडतील. मी भांडणाची तयारी करून बाहेर आलो होतो.

"सर, एक विचारू? तुमाला खरंच फरक कळला न्हाई, का कळून म्हणलात?" आणि मग हलक्या आवाजात: "न्हाई, कळला नसंल तर मी परत सांगते. बसू आपण."

मी म्हणालो, "समितीचं कामकाज गोपनीय असतं."

"बरं," त्या म्हणाल्या.

एप्रिलमध्ये त्या गेल्या. तासिका तत्त्वाला निरोप समारंभ नसतो.

पुस्तक त्यानंतर छापलं. छापायला जाण्याच्या आदल्या दिवशी मी कपाट उघडलं आणि सतराच्या सतरा क घातले. उत्तर शून्य केलं. आणि तिथे एक वाक्य जोडलं: 'ज्याला कुठलीच बाजू जवळची नाही, त्याचा कोनीय संवेग शून्य.' 'न्हाई'चं 'नाही' केलं, एवढंच संपादन माझं. ऋणनिर्देशात अध्यक्ष, प्राचार्य, माझी पत्नी, टंकलेखक आणि मुखपृष्ठ करणारा भाचा यांची नावं आहेत. लातूरच्या एका प्राध्यापकाने मुद्दाम फोन केला. "सर, ते एक वाक्य! पुस्तक एका बाजूला आणि ते वाक्य एका बाजूला." मी म्हणालो, "अनुभवातून येतं ते." प्रकाशन समारंभात मला शाल मिळाली. ती टोचत होती असं लिहिण्याचा मोह होतो, पण शाल चांगली मऊ होती.

मॅडम शेवटच्या दिसल्या त्या तुळजापूरच्या बसस्थानकावर. मी निवृत्त झालो होतो. दर्शन करून सौभाग्यवती कुंकवाच्या दुकानात शिरल्या होत्या आणि मी सोलापूरच्या गाडीची चौकशी करत होतो. नळदुर्ग-अणदूरच्या गाडीच्या खिडकीतून हाक आली.

"सर! ओळखलं का?"

केस बरेच पांढरे झाले होते. मांडीवर वह्यांचा गठ्ठा. तुळजापुरात पोरींचा क्लास घेतात, असं त्यांनी सांगितलं. रोज अणदूरहून येतात. मग म्हणाल्या, "तुमचं पुस्तक लावलंय मी. क घातलेत, लई बरं झालं."

त्या बोलण्यात मी टोमणा शोधला. बराच शोधला. असता तर मला मोकळं वाटलं असतं.

"ते एक वाक्य तेवढं काढा सर पुढच्या आवृत्तीत. 'ज्याला कुठलीच बाजू जवळची न्हाई'."

मी म्हणालो, "मॅडम, ते... खरं म्हणजे ते तुमचंच आहे."

"व्हय, माझंच हाय की. म्हणून तर सांगते. चुकलंय ते."

मी खिडकीचा गज धरला.

"निऑन घ्या. त्याच्या पी कक्षकांत सहा इलेक्ट्रॉन. सगळ्यांचा मिळून ढग कसा व्हतो? गोल. कुठलीच बाजू जवळची न्हाई. मग एकेकाचा संवेग शून्य हाय का? न्हाई. परतेकाजवळ हाय. एकाचं दुसऱ्यात जिरतं, म्हणून बाहेरून शून्य दिसतंय. नुसतं गोल दिसलं म्हणून आतल्याला शून्य म्हणता येत न्हाई सर. क्लासातल्या एका पोरीनं विचारलं, तवा माझ्या ध्यानात आलं. चार दिवस जेवण ग्वाड लागलं न्हाई."

जे मी चोरलं होतं ते त्यांनी टाकून दिलेलं होतं. त्या कधीच्या पुढे गेल्या होत्या, आणि मी त्यांच्या जुन्या वाक्यावर शाल पांघरून बसलो होतो.

"मग काय लिहायचं?" मी विचारलं. उत्तर माहीत नसताना मी जाणूनबुजून विचारलेला तो पहिला प्रश्न असावा.

त्यांचा चेहरा उजळला. "तेच तर. शून्य दोन तऱ्हेचं असतं, बघा. एक..."

कंडक्टरने दोनदा घंटी मारली. गाडी हलली. मी गज सोडला नाही. बरोबर चालू लागलो. मॅडम सांगत होत्या, इंजिन घरघरत होतं, मला 'आस' ऐकू आलं, मग 'जोडीनं', मग काहीतरी 'बिनजोडीचं'. चालण्याचं पळणं झालं. डॉक्टरेट असलेला, पाठ्यपुस्तकाचा लेखक, साठीचा माणूस बसस्थानकात एस.टी.मागे पळतोय, हे दुकानातून माझ्या पत्नीने पाहिलं आणि अजून त्याबद्दल विचारते.

दारातून कंडक्टर ओरडला, "ओ मामा, यायचंय का? या, न्हाईतर खिडकी सोडा!"

मी खिडकी सोडली.

गाडी फाटकातून वळताना मॅडम पुन्हा दिसल्या. त्यांचं वाक्य अर्धं राहिलं होतं आणि अर्धं वाक्य त्यांना ठेवता येत नसे. त्या शेजारच्या बाईकडे वळल्या होत्या. बाई दर्शनाहून परतणारी, कपाळभर मळवट, मांडीवर प्रसादाची पिशवी. मॅडम हातवारे करून तिला काहीतरी सांगत होत्या आणि ती मान डोलावत होती, एकदा, मग पुन्हा, कळल्यासारखी.

मला त्या बाईचा हेवा वाटला.